ड्रॅगन बॉलमागचे हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा 1984 ते 1995 या काळात जपानमधील ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेली तोएई स्टुडिओची दूरचित्रवाणी मालिका 26 फेब्रुवारी 1986 रोजी सुरू झाली आणि निरनिराळ्या नावांनी, मधल्या खंडांसह, 2025 पर्यंत येत राहिली. आपल्याकडच्या एका पिढीने तिचा ‘झेड’ हा टप्पा कार्टून नेटवर्कवर पाहिला आणि त्यातल्या गोकू, व्हेजिटा, पिकोलो यांना तोरियामांची निर्मिती म्हणून ओळखले, जे योग्यच आहे. मात्र मालिकेत पडद्यावर हलणारी रेघ तोरियामांच्या हातची नसते. ती काढणाऱ्या माणसांविषयी जिज्ञासू प्रेक्षक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे येथे दिली आहेत.

एकाच लढाईत गोकूचा चेहरा या भागात एक आणि पुढच्या भागात दुसरा दिसतो. हा भास आहे का?

भास नाही. ‘झेड’चे 291 भाग 26 एप्रिल 1989 ते 31 जानेवारी 1996 या काळात आठवड्याला एक या गतीने दाखवले गेले. साधारण बावीस-तेवीस मिनिटांच्या एका भागाला हजारो चित्रे लागतात, आणि ती काढून, पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर उतरवून, रंगवून, कॅमेऱ्याखाली टिपून घ्यायला एका आठवड्याहून कितीतरी अधिक काळ जातो. म्हणून एकाच वेळी अनेक गट निरनिराळ्या भागांवर काम करीत असत. एका गटाचा भाग प्रसारित झाला की काही आठवड्यांनी त्याच गटाची पाळी पुन्हा येई. प्रत्येक गटावर वेगळा अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक असे आणि त्या भागातल्या चेहऱ्यांवर शेवटचा हात त्याचा फिरे.

पेणच्या गणेशमूर्तींची गोष्ट आपल्याला माहीत आहे. साचा एकच असतो, पण डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बदलला की मूर्तीचा भाव बदलतो. ड्रॅगन बॉलमध्ये साचा पात्ररचनाकाराचा असतो आणि आखणी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाची.

पात्रे तर तोरियामांनी आधीच काढलेली होती. मग मालिकेला वेगळा पात्ररचनाकार कशासाठी?

छापील चित्रकथेतले चित्र एकाच कोनातून, एकाच क्षणासाठी काढलेले असते, आणि ते काढणारा माणूसही एकच असतो. मालिकेत तेच पात्र पाठमोरे, खालून, वरून, धावताना, रडताना, कोणत्याही अवस्थेत दाखवावे लागते, आणि ते काढणारे लोक अनेक असतात. पात्ररचनाकार मूळ चित्रांचा अभ्यास करून प्रत्येक पात्राचे आदर्श तक्ते तयार करतो. त्यांना जपानी स्टुडिओंत ‘सेत्तेइ’ म्हणतात. डोक्याच्या मानाने अंगाची उंची किती, केसांची टोके किती आणि कोणत्या दिशेला, रागावल्यावर भुवई कुठवर उतरते, कपड्यांना किती चुण्या द्यायच्या, सावलीची सीमा कुठे आखायची, हे सारे त्या तक्त्यांवर ठरते.

यात सर्वांत अवघड निर्णय काय गाळायचे याचा असतो. कागदावर एक जादा रेघ काढायला क्षणभर लागतो, पण मालिकेत तीच रेघ हजारो वेळा काढावी लागते आणि प्रत्येक वेळी ती जागेवर बसली नाही तर चित्र थरथरू लागते. त्यामुळे चांगला पात्ररचनाकार सुंदर चित्र काढणारा असावाच लागतो, शिवाय इतरांच्या हाताला काय पेलवेल याचा अंदाज असणाराही असावा लागतो. हा दुसरा गुण अधिक दुर्मिळ आहे असे मला वाटते.

अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक आणि मुख्य अ‍ॅनिमेटर यांच्या कामात फरक काय?

मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतली महत्त्वाची चित्रे काढतो, ज्यांना ‘गेंगा’ म्हणतात. ठोसा उगारलेला हात, तो लागण्याआधीचा क्षण, लागल्यावर मागे फेकले गेलेले शरीर, अशी ही चित्रे असतात. त्यांच्या दरम्यानची चित्रे दुसरे लोक भरतात, त्यांना ‘दोगा’ म्हणतात. तोएईच्या बाबतीत या मधल्या चित्रांचा मोठा भाग फिलिपीन्समधल्या तिच्या स्टुडिओत होत आला आहे. अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक, म्हणजे ‘साकुगा कान्तोकु’, मुख्य चित्रे तपासतो आणि जिथे चेहरा तक्त्यापासून भरकटला असेल तिथे वर पातळ कागद ठेवून दुरुस्ती काढून देतो.

कोणाचा हात कशात दिसतो, हे यावरून ठरते. चेहरा, डोळे, जबड्याची ठेवण यांत अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक दिसतो, तर हालचालीत मुख्य अ‍ॅनिमेटर. एका सेकंदाच्या चोवीस चौकटींपैकी एक चित्र किती चौकटी धरून ठेवायचे, हे मुख्य अ‍ॅनिमेटर ठरवतो. दूरचित्रवाणीवर बहुधा तीन चौकटींना एक, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे असतात. पण कसलेला अ‍ॅनिमेटर ठोशाआधी चित्र लांबवून धरतो आणि ठोसा लागताना ती गती एकदम सोडतो. त्या ताणातून आणि सुटण्यातून वजन निर्माण होते. चेहऱ्यावरची दुरुस्ती या वेळेच्या हिशोबाला धक्का लावत नाही, म्हणून मुख्य अ‍ॅनिमेटरची ओळख दुरुस्तीनंतरही उरते.

मिनोरू माएदा यांचे योगदान नेमके काय होते?

1986 च्या पहिल्या मालिकेचे आणि ‘झेड’च्या मोठ्या भागाचे पात्ररचनाकार माएदा होते. सुरुवातीच्या तोरियामांची रेघ गोलसर, गुबगुबीत आणि विनोदी होती. माएदांनी ती तशीच घेतली, पण तिच्यात चेहऱ्यावरच्या भावांची एक मऊ, उबदार छटा मिसळली. लहानगा गोकू आश्चर्याने पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जो निरागसपणा दिसतो, त्यात माएदांचा वाटा मोठा आहे. ते काही भागांचे अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकही होते, आणि ‘झेड’मध्ये त्यांच्या हातचा भाग लागला की लढाईच्या धामधुमीतही पात्रे माणसांसारखी श्वास घेताना जाणवतात.

अडचण अशी झाली की तोरियामांची स्वतःची रेघ थांबली नव्हती. कथा विनोदाकडून जीवघेण्या लढायांकडे सरकली तशी ती टोकदार होत गेली. जबडे कोनात आले, स्नायू तुकड्यातुकड्यांनी दिसू लागले, डोळे अरुंद झाले. छापील पान आणि पडदा यांच्यातले हे अंतर 1990 च्या सुमारास नीट पाहणाऱ्याला दिसू लागते. मालिकेतल्या काही गटांनी माएदांच्या गोलाईला धरून ठेवले, काही टोकदारपणाकडे वळले. मासायुकी उचियामा या अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाच्या भागांतले रुंद, साधे चेहरे मात्र या दोन्हींपेक्षा निराळे वाटतात. चाहत्यांत त्यांच्यावर बरीच टीका होते. मला ती एकांगी वाटते, कारण आठवड्यामागून आठवडा वेळेवर भाग पूर्ण करून देणारे जे थोडे लोक होते त्यांपैकी ते एक होते, आणि त्यांच्याविना मालिका 291 भागांपर्यंत पोहोचलीच नसती.

कात्सुयोशी नाकात्सुरू आल्यावर काय बदलले?

‘झेड’मधल्या माजिन बू या खलनायकाच्या पर्वाच्या सुरुवातीपासून पात्ररचनेची धुरा नाकात्सुरूंकडे आली, आणि पानावरची रेघ व पडद्यावरची रेघ पुन्हा जुळू लागली. तोरियामांच्या त्या काळातल्या चित्रांशी इतके एकरूप होणारा दुसरा अ‍ॅनिमेटर झाला नाही असे माझे मत आहे. तोरियामांचा जोर रेघेच्या आत्मविश्वासात होता. ती कुठे जाड होते, कुठे तुटते, दोन आकार कुठे एकमेकांत घुसतात, हे त्यांनी सहज साधलेले असे. बहुतेक अनुकरण करणारे वळणे उचलतात पण जाडी-बारकाई सोडतात, आणि नाकात्सुरूंनी नेमकी तीच पकडली. बूचा मऊ, पिठाच्या गोळ्यासारखा देह त्यांच्या तक्त्यांवर हास्यास्पद आणि भीतिदायक एकाच वेळी का दिसतो, याचे उत्तरही तिथेच आहे.

1999 च्या ‘डिजिमॉन अ‍ॅडव्हेंचर’ मालिकेतली मुले नाकात्सुरूंच्याच हातची आहेत. लांब पाय, मोठे हातमोजे, ठसठशीत केस असलेली ती मुले पाहिली की हाच माणूस दुसऱ्याची रेघ न उचलता कसा काढतो, ते कळते.

या कलाकारांनी मूळ कथेवर काही परिणाम केला का, की ते फक्त दिलेले काढत राहिले?

परिणाम केला, आणि तो खोलवर गेला. गोकूचे वडील बार्डॉक हे पात्र 17 ऑक्टोबर 1990 रोजी प्रसारित झालेल्या विशेष भागासाठी तयार झाले. त्याचा प्राथमिक आराखडा नाकात्सुरूंचा होता आणि तोरियामांनी त्यात सुधारणा केल्या. पुढे तोरियामांनी बार्डॉकला आपल्या चित्रकथेतही थोडी जागा दिली. म्हणजे मालिकेसाठी जन्मलेले पात्र मूळ ग्रंथात दाखल झाले.

दुसरे उदाहरण 1996 ते 1997 या काळात आलेल्या ‘ड्रॅगन बॉल जीटी’चे आहे. या मालिकेच्या मुख्य पात्रांचे आरंभीचे आराखडे तोरियामांनी दिले, पण कथा त्यांची नव्हती. तिच्यातल्या गोकूच्या चौथ्या सुपर सैयान रूपाची (सुपर सैयान म्हणजे शक्ती वाढल्यावर पात्राला येणारे बदललेले रूप) कल्पना नाकात्सुरूंनी चित्रात उतरवली. लालसर केसाळ अंग, खांद्यावर उतरणारे काळे केस, डोळ्यांभोवती लाल रेघ. हे रूप इतर रूपांहून इतके वेगळे होते की जीटी न आवडणाऱ्यांनाही ते आवडले. पुढे 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगन बॉल दाइमा’च्या शेवटच्या भागांत चौथ्या सुपर सैयान रूपाची नवी आवृत्ती आली, आणि या 20 भागांच्या मालिकेचे पात्ररचनाकारही नाकात्सुरूच होते. तोरियामा 1 मार्च 2024 रोजी निवर्तले, त्यामुळे दाइमा प्रसारित झालेली त्यांना पाहता आली नाही.

सुपर सैयानचे केस सोनेरी असण्यामागे खरेच कामाचा ताण होता का?

होय, तोरियामांनीच तसे सांगितले होते. गोकूचे काळे केस शाईने भरण्यात त्यांच्या साहाय्यकाचा पुष्कळ वेळ जाई, आणि केस कोरे सोडले की तो वाचे. पडद्यावर त्या कोऱ्या जागेचे सोनेरी झाले. आठवड्याच्या मुदतीत काम करणाऱ्यांच्या जगात रूप आणि श्रम यांचा संबंध किती जवळचा असतो, ते यातून दिसते.

तादायोशी यामामुरो यांच्याविषयी इतके टोकाचे मतभेद का आहेत?

कारण त्यांच्या कामाचे दोन काळ लोक वेगवेगळे आठवतात. ‘झेड’च्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या दशकातल्या चित्रपटांत यामामुरोंच्या टोकदार, कडक, चकाकत्या स्नायूंच्या रेघेने लढाईला एक धार दिली. आज अनेकांच्या मनात सुपर सैयान म्हणताच जे चित्र उभे राहते, ते त्यांच्या रेघेतले असते. 2013 च्या ‘बॅटल ऑफ गॉड्स’ या चित्रपटापासून ते मुख्य पात्ररचनाकार झाले, 2015 चा ‘रिसरेक्शन एफ’ त्यांनी दिग्दर्शितही केला, आणि त्याच वर्षी 5 जुलैला सुरू झालेल्या ‘ड्रॅगन बॉल सुपर’ची पात्ररचनाही त्यांच्याकडे होती.

या दुसऱ्या काळात त्यांची रेघ आखडली, अशी तक्रार होते आणि तिच्यात तथ्य आहे. अंगावरच्या चकाकीचे ठिपके आणि स्नायूंचे ठरावीक विभाग यांनी पात्रे प्लास्टिकची वाटू लागली. अशा तक्त्यांवर हालचाल काढणे कष्टाचे असते, कारण प्रत्येक ठिपका प्रत्येक चित्रात योग्य जागी बसवावा लागतो. तरीही ऑगस्ट 2015 मध्ये प्रसारित झालेल्या ‘सुपर’च्या पाचव्या भागातली बिघडलेली चित्रे एकट्या यामामुरोंच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तिथे वेळ अपुरा पडला होता, आणि वेळ ठरवणे हे पात्ररचनाकाराच्या हातात नसते. डिस्कवर आणताना त्या भागातली चित्रे पुन्हा काढून सुधारण्यात आली.

त्याच मालिकेत पुढे यूया ताकाहाशी यांच्या देखरेखीखालचे भाग आले तेव्हा तेच तक्ते असूनही चेहरे जिवंत झाले. त्यांनी नव्वदच्या दशकातली जाड-बारीक रेघ, गडद सावल्या आणि रागाने पिळवटलेली तोंडे परत आणली. एका तक्त्यातून दोन इतके निराळे गोकू निघू शकतात, हे जाणून घ्यायचे असेल तर ‘सुपर’चा आरंभ आणि शेवट शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

2018 च्या ‘ब्रोली’ चित्रपटात सगळे अचानक वेगळे का दिसते?

कारण पात्ररचनाकार बदलले. त्या चित्रपटासाठी अनेक अ‍ॅनिमेटरांकडून नमुने मागवून निवड झाली आणि ती नाओहिरो शिंतानी यांची झाली. त्यांनी चकाकीचे ठिपके काढून टाकले, स्नायूंच्या रेघा कमी केल्या, खांदे किंचित उतरते ठेवले आणि चेहऱ्याला जुन्या तोरियामांची गोलाई परत दिली. परिणाम हालचालीवर झाला. रेघा कमी झाल्यामुळे अ‍ॅनिमेटरांना शरीर वळवायला, ताणायला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणायला मोकळीक मिळाली. तात्सुया नागामिने यांच्या दिग्दर्शनाखालची ती प्रदीर्घ लढाई इतकी वाहती झाली, त्याला ही मोकळीक कारणीभूत आहे. चांगल्या पात्ररचनेची परीक्षा तक्त्यावर होत नाही, ती अशा लढाईत होते.

कधी कधी चेहरे मुद्दाम वाकडेतिकडे काढलेले असतात, असे म्हणतात. ते बिघडलेले चित्र कसे वेगळे ओळखायचे?

चित्र थांबवून ओळखता येत नाही, ते चालू ठेवूनच ओळखावे लागते. याचे गाजलेले उदाहरण ड्रॅगन बॉलबाहेरचे आहे. ‘नारुतो शिप्पुदेन’च्या 167 व्या भागात, अत्सुशी वाकाबायाशी यांच्या दिग्दर्शनाखाली, नारुतो आणि पेन यांची लढाई रबरासारखी ताणलेली दिसते. 2010 मध्ये तो प्रसारित झाला तेव्हा थांबवलेल्या चौकटींची जगभर खूप चेष्टा झाली. पण गती न थांबवता पाहिले तर त्या विकृतीतूनच देहांचे वजन आणि प्रचंड शक्तीपुढची हतबलता उभी राहते. वाकाबायाशींनी मूळ ‘नारुतो’मधल्या 30 व्या आणि 133 व्या भागांतही नोरिओ मात्सुमोतो या अ‍ॅनिमेटरच्या साथीने अशाच मोकळ्या रेघेचे काम केले होते, आणि ते दोन भाग त्या मालिकेतले सर्वोत्तम मानणारे पुष्कळ आहेत.

तोएईत हा वारसा नाओतोशी शिदा यांनी चालवला. शरीरे पडद्यावर भिरकावली जातात, आकार क्षणभर फुटतात आणि पुन्हा सांधतात, धूळ आणि ढिगारे पात्राइतकेच जोरात हलतात. त्यांचे दृश्य नावे न वाचताही ओळखू येते. बिघडलेल्या चित्रात चेहरा चुकतो आणि हालचालही मेलेली असते. शिदांच्या चित्रात चेहरा हरवतो, पण हालचाल आणखी प्रबळ होते.

इतर दीर्घ मालिकांतही असे घडते का?

सगळीकडे घडते. 1992 ते 1997 या काळात 200 भाग चाललेल्या ‘सेलर मून’ला तीन पात्ररचनाकार लाभले: आधी काझुको तादानो, मग इकुको इतो, शेवटच्या पर्वाला कात्सुमी तामेगाई. तादानोंच्या मुली खोडकर आणि गोल गालांच्या आहेत, इतोंच्या अधिक नाजूक आणि सडपातळ. 2021 च्या ‘सेलर मून इटर्नल’ चित्रपटांसाठी तादानोंना परत बोलावण्यात आले. ‘वन पीस’ची धुरा नोबोरू कोइझुमींकडून काझुया हिसादांकडे आणि 2019 मध्ये वानो पर्वासोबत मिदोरी मात्सुदांकडे गेली. हिसादांनी उमेदवारीच्या काळात ‘झेड’वरही काम केले होते, म्हणून त्यांच्या ‘वन पीस’मध्ये ती टोकदार शिस्त जाणवते. आपल्याकडच्या मुलांच्या आवडत्या ‘डोरेमॉन’चे 1979 आणि 2005 चे दोन्ही टप्पे भारतात दाखवले गेले आहेत. 2005 च्या टप्प्याची पात्ररचना आयुमू वातानाबे यांनी केली.

संगणकावरच्या त्रिमितीय चित्रणात या व्यक्तिगत रेघेचे काय होते?

2022 चा ‘ड्रॅगन बॉल सुपर: सुपर हीरो’ हा चित्रपट प्रामुख्याने त्रिमितीय प्रतिकृतींवर तयार झाला. तिथे चेहरा प्रत्येक चौकटीत तक्त्याबरहुकूम राहतो, त्यामुळे अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाची आखणी जवळजवळ नाहीशी होते. गती, थांबे आणि शरीराची ठेवण मात्र अजून माणसेच ठरवतात. मला तो चित्रपट आवडला, पण दोन भागांत दोन निराळे गोकू पाहण्याचा आनंद त्यात नाही.

कोणता भाग कोणी केला, हे कसे शोधायचे आणि पाहण्याची सुरुवात कुठून करावी?

मूळ जपानी भागाच्या शेवटी येणारी नामावली हे सर्वांत भरवशाचे साधन आहे. ‘साकुगा कान्तोकु’ हे पद चार कांजी अक्षरांनी लिहितात आणि ‘गेंगा’ दोन अक्षरांनी. एवढी सहा अक्षरे डोळ्यांत बसली की जपानी न येताही नावे शोधता येतात. आधी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाचे नाव पाहावे, कारण चेहरे ओळखणे हालचाल ओळखण्यापेक्षा सोपे असते.

सुरुवातीला 1986 च्या मालिकेतला एखादा भाग, ‘झेड’मधल्या बू पर्वातला एक, ‘सुपर’च्या शेवटच्या भागांपैकी एक आणि ‘ब्रोली’तली लढाई, एवढे एकापाठोपाठ पाहावे. आवाज बंद ठेवून पाहिल्यास अधिक चांगले, कारण संगीत आणि संवाद रेघेवरून लक्ष उडवतात. पहिल्या फेरीत गोकूच्या डोळ्यांकडे पाहावे, दुसऱ्या फेरीत त्याच्या खांद्यांकडे, आणि तिसऱ्या फेरीत ठोसा लागण्याच्या आधी तो किती काळ थांबतो याकडे.